रात्री मधपेटीतून चूं-चूं आवाज, आत कवटीच्या नक्षीचा पतंग

मधपेटी_भोर: सातेरीची (आपली देशी पाळीव मधमाशी) पेटी आहे. अंधार पडला की आतून उंदराच्या पिल्लासारखी चूं-चूं येते. झाकण काढलं तर पोळ्यावर तळहाताएवढा पतंग, पाठीवर कवटीसारखी नक्षी. हाच मेणकिडा का? विषारी असतो का? पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं?

निशाचर: मेणकिडा नव्हे. त्याचा पतंग करडा नि बराच लहान, आणि पोळं पोखरते ती त्याची अळी. हा डेथ्स हेड हॉक मॉथ, बहुधा अ‍ॅकेरोंशिया स्टिक्स. पंख पसरले की 9 ते 13 सें.मी. पुढचे पंख सालीसारखे काळपट तपकिरी, मागचे पिवळे नि त्यांवर काळे पट्टे, पोटही पिवळं-काळं. त्याचा लॅकेसिस हा भाऊबंदही भारतात आहे, तो आणखी गडद.

डंख नाही, विष नाही, पोळ्यात अंडीही घालत नाही. येतो तो फक्त मधासाठी. सोंड आखूड पण दणकट. मेणाच्या टोपणातून सरळ आरपार जाते.

घशात हवा ओढताना आतला पडदा थरथरतो, त्याची करकर. हवा सोडताना शीळ. राणीमाशीची नक्कल करून माश्यांना गप्प बसवतो असं सांगतात. मला ते फारसं पटत नाही, कारण पेटीपासून लांब, नुसता हातात धरला तरी तो तसाच ओरडतो. शत्रूला दचकवण्याचा तो प्रकार वाटतो. माश्यांपासून वाचवतो तो वास. युरोप-आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंद अ‍ॅट्रोपॉस जातीच्या अंगावर मधमाशीच्याच अंगावरची चार मेदाम्लं (चरबीतली आम्लं), तीही जवळपास त्याच प्रमाणात मिळाली आहेत. म्हणजे अंधारात माश्यांना परका कुणी आल्याचं कळतच नाही. शिवाय कातडी जाड.

पोळेकर: उपाय औषधाचा नाही, दाराचा. प्रवेशद्वाराची उंची 8 मि.मी. ठेवा, लाकडी पट्टी ठोकून. कामकरी माशी नि नर आरामात जातात, पतंगाचं जाड धड अडकतं. उंची कमी करा, रुंदी नको. रुंदी फार आवळली तर उन्हाळ्यात हवा खेळत नाही आणि माश्या दाराबाहेर घोसाने लोंबतात. दोन कप्प्यांमधली फट आणि झाकणाची हवेची भोकं बघायला लोक विसरतात. भोकांना बारीक जाळी लावा.

माश्यांनी कधी मारलाच तर मेलेला पतंग हाताने काढा. युरोपीय माश्या असं धूड राळेने लिंपून टाकतात, सातेरी राळ गोळाच करत नाही. ते तळफळीवर कुजत राहतं नि मुंग्या लागतात.

तीळवाली_अक्का: जवळपास तीळ पेरलाय का, भाऊ? या पतंगाची अळी तिळावर वाढते. वांगं, बटाटा, तंबाखूवरही. अंडी एकेकटी, पानाच्या मागे. अळी पाच अवस्थांतून जाते नि शेवटी बोटापेक्षा जाड होते. रंग हिरवा, पिवळा किंवा तपकिरी, दोन्ही बाजूंना तिरके पट्टे, शेपटीला खरखरीत वाकडं शिंग. शिंग टोचत नाही. डिवचलं तर अळी जबड्यांनी टकटक करते.

अळी दिसत नाही तेव्हा जमीन बघा. झाडाखाली खोबणीदार काळपट लेंड्या पडलेल्या असतील तर वर मान करून देठ तपासा. थोड्या असतील तर हाताने वेचा, फवारणीचा खर्च कशाला? काढणीनंतर खोल नांगरट केली की मातीतले कोष वर येतात, पक्षी टिपतात.

मधपेटी_भोर: दोन अळ्या सापडल्या! शाळेतल्या मुलांना दाखवायला पाळता येतील?

निशाचर: येतील. ज्या झाडावर सापडल्या त्याचाच पाला रोज ताजा द्या, ओला नको. अळी मळकट झाली नि खाणं सोडून सैरभैर फिरू लागली की बादलीत 15 सें.मी. भुसभुशीत माती घालून त्यात सोडा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. कोरडी पडली तर कोष वाळतो, चिखल झाला तर बुरशी धरते. अळी आत मातीची खोली करते. उत्सुकतेपोटी उकरू नका. उबदार हवेत पतंग साधारण तीन आठवड्यांत निघतो, थंडीत बराच जास्त वेळ लागतो. बादलीत खरबरीत काठी उभी खोचा. पंख लोंबकळत ठेवून सुकवायला जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच कडक होतात, मग तो कधीच उडत नाही. अळीच्या अंगावर बारीक पांढरी अंडी चिकटलेली असतील तर ती परजीवी माशीची, ती अळी वेगळी ठेवा.