कडप्प्याचा ओटा लिंबू-व्हिनेगरने पांढुरका पडला: घरगुती साफसफाईबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे आमचे घर आहे. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे फिनेल, ब्लीच आणि संडास-मोरीसाठी मिळणारे अ‍ॅसिड या तिन्ही गोष्टी मी गेल्या दिवाळीपासून घरात आणणे बंद केले. त्यांच्या जागी स्वयंपाकघरात एरवीही असणारे लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, मीठ आणि चिंच यांवरच सगळी साफसफाई करायची असे ठरवले. पहिले काही महिने सगळे छान चालले होते. आता मात्र चार-पाच ठिकाणी गाडी अडली आहे, आणि एका ठिकाणी तर मीच नुकसान करून ठेवले आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

मुख्य अडचण ओट्याची आहे. आमचा ओटा जुन्या काळ्या कडप्प्याचा आहे. त्यावर तेलाचे डाग आणि शेगडीभोवती चिकट थर बसला होता, म्हणून एका व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे आधी सोडा भुरभुरवला, त्यावर व्हिनेगर ओतले, फेस येऊ दिला आणि लिंबाच्या फोडीने घासून काढले. हा प्रकार आठवड्यातून एकदा असा सुमारे तीन महिने केला. चिकटपणा फारसा गेला नाहीच, उलट जिथे जिथे व्हिनेगर साचून राहिले तिथे पांढुरके, खरखरीत चट्टे उमटले आहेत. ओला असेपर्यंत ओटा काळाभोर दिसतो आणि वाळला की चट्टे पुन्हा वर येतात. मला आधी ती साबणाची पुटे वाटली, म्हणून ती काढण्यासाठी मी आणखी व्हिनेगर लावले, हे सांगताना आता संकोच वाटतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. खोल्यांमध्ये मोझॅकच्या लाद्या आहेत. गूळ एक भाग, लिंबा-मोसंबीच्या साली तीन भाग आणि पाणी दहा भाग असे मिश्रण तीन महिने प्लास्टिकच्या बाटलीत आंबवून मी बायोएन्झाइम तयार केले आहे. ते पाण्यात मिसळून लादी पुसावी असे सर्वत्र सांगतात, परंतु ओट्याचा अनुभव घेतल्यावर आता हात धजावत नाही.

तिसरी गोष्ट समईची. गणपतीसाठी काढून ठेवलेली पितळी समई चिंचेच्या कोळात मीठ घालून रात्रभर बुडवून ठेवली, तर सकाळी ती पिवळी न दिसता तांब्यासारखी गुलाबी झाली होती. तांब्याचा कलश याच पद्धतीने लख्ख निघतो, मग पितळेचेच असे का व्हावे?

याशिवाय मोरीतल्या नळावर पांढरा थर बसतो (पिण्याचे पाणी महापालिकेचे आहे, पण वापरायचे पाणी इमारतीच्या बोअरवेलचे आहे) आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळी बुरशी येते. या दोन्हींसाठी काही साधा उपाय असल्यास तोही सांगावा. बाजारातील रसायनांकडे परत वळा, असा सल्ला शक्यतो नको. सासूबाईंना त्या वासाने खरोखर धाप लागते.

प्रतिसाद १

आपल्या ओट्यावर जे चट्टे दिसतात ते पुटे नव्हेत, तिथला दगडच विरघळलेला आहे. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे. नळावर जो पांढरा थर बसतो तोही बहुतांशी तोच पदार्थ असतो. जे व्हिनेगर नळावरचा थर विरघळवते, ते ओट्याचा पृष्ठभागही विरघळवणार, कारण थर कोणता आणि ओटा कोणता हे त्याला कळण्याचे काही साधन नाही. मोझॅकच्या लाद्यांमध्ये सिमेंट आणि संगमरवराच्या कपच्या असतात, त्यामुळे तिथेही हाच धोका आहे. बायोएन्झाइम हे आंबवलेले, म्हणजे आम्लधर्मीच असते. पाण्यात मिसळल्याने परिणाम मंदावतो, तरी रोज पुसल्यास काही वर्षांत लादीची चकाकी जाईल. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यातली मुख्य खनिजे आम्लाला दाद देत नाहीत. व्हिडिओ करणाऱ्यांचे ओटे बहुधा ग्रॅनाइटचे असतात आणि पाहणारे कडप्प्यावर तेच करतात.

आता सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याबद्दल. या एका सवयीने जितके व्हिनेगर वाया गेले असेल तितके लोणच्यांतही गेले नसेल! खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे आणि व्हिनेगर आम्लधर्मी. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच तो फेस, आणि मागे सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी उरते, ज्याने तेलही निघत नाही आणि क्षारही निघत नाहीत. बाजारातील व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असते. त्या हिशेबाने एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम सोडा सुमारे ९० मिलिलिटर व्हिनेगर निकामी करतो. आपल्या ओट्यावर सोडा जिथे कमी पडला आणि व्हिनेगर उरले, तिथेच चट्टे उमटले असणार.

तेलकट थरासाठी आम्ल मुळात उपयोगाचेच नाही, त्याला अल्क लागते. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे, तो सौम्य असतो) विरघळवून त्यात शेगडीच्या लोखंडी जाळ्या आणि स्टीलचे सामान अर्धा तास ठेवावे, मग घासावे. हातमोजे घालावेत, कारण हे पाणी त्वचेचाही तेलकटपणा ओढून घेते. अ‍ॅल्युमिनियमची कढई किंवा चिमणीची अ‍ॅल्युमिनियमची जाळी मात्र त्यात कधीही बुडवू नये, ती काळी पडते. ओट्यावरच्या ताज्या तेलावर बेसन किंवा तांदळाची पिठी पसरून दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने उचलावी. दगडात मुरलेल्या जुन्या डागावर खाण्याच्या सोड्याची दाट पेस्ट थापून वरून प्लास्टिक झाकावे आणि रात्रभर ठेवावे. पेस्ट वाळताना तेल वर ओढून घेते, पण एका वेळेत सगळे येत नाही, दोन-तीनदा करावे लागते.

समईबद्दल: तांबे हा एकच धातू आहे, पितळ मात्र तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. आम्लात फार वेळ राहिल्यास पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते आणि तांबे उघडे पडते, तोच तो गुलाबी रंग. हा थर अगदी पातळ असतो. चाळलेली राख किंवा बारीक रांगोळी ओल्या फडक्यावर घेऊन घासल्यास खालचे पिवळे पितळ पुन्हा दिसेल. पुढच्या वेळी चिंच असो वा आमसूल, पाच मिनिटांत चोळून धुवावे आणि लगेच कोरडे पुसावे. रात्रभर भिजवायचे असतील ते वाल!

प्रतिसाद २

वरील माहितीत थोडी भर घालतो. माझा व्यवसाय लादी पॉलिशचा असल्यामुळे असे ओटे परळ-लालबागच्या जुन्या घरांत नेहमी पाहायला मिळतात. चट्टे बोटाला नुसते खरखरीत लागत असतील, खड्डा लागत नसेल, तर घरीच काम होईल. पाण्याचा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ओटा ओला ठेवून आधी ४०० नंबर, मग ८०० आणि शेवटी १२०० नंबरचा पेपर गोल गोल फिरवावा, आणि नंबर बदलताना मधला चिखल पूर्ण धुऊन टाकावा. फक्त चट्ट्यावरच घासू नये, आजूबाजूची वीतभर जागाही घ्यावी, नाहीतर तेवढाच गोल वेगळा चमकत राहतो. ओटा पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसावे आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने सगळे तेल काढून घ्यावे. जास्त तेल राहिले तर खवट वास येतो आणि पुन्हा धूळ धरते.

रोजच्या लादीसाठी दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी पंधरा मिनिटे उकळून गाळावेत आणि त्यातली वाटीभर बादलीत घालावी. रिठ्याचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते, म्हणून ते लादीवर साचू न देता मागून साध्या पाण्याचा पोछा फिरवावा. हे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते आणि बाहेर ठेवल्यास दोन-तीन दिवसांत नासते.

प्रतिसाद ३

नळासाठी आपले व्हिनेगर जरूर वापरा, ते तिथेच शोभते. फडके व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे, जुन्या टूथब्रशने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. वासाचा त्रास होत असेल तर ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून वापरावे, त्याला वास नसतो. मोरीची फरशी शहाबादी असेल तर थेंब खाली पडू देऊ नयेत, खाली ताटली धरावी.

भिंतीबाबत एक गोष्ट आधी तपासावी. पावसाळ्यात पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस बाहेरच्या गिलाव्याच्या भेगेतून आत झिरपत असेल, तर आतून काहीही लावले तरी बुरशी परत येणार. भिंतीला ऑइल पेंट असल्यास व्हिनेगर फवारून तासाभराने पुसता येईल. चुन्याचा हात दिलेली भिंत असेल तर नको, चुनाही आम्लात विरघळतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवल्याने आमच्याकडे पुष्कळ फरक पडला. बुरशी कोरडी खरवडू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी, आणि दमा असणाऱ्या व्यक्तीला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे घ्यावे. घरात ब्लीचची एखादी जुनी बाटली उरली असेल तर तिचा व्हिनेगर, लिंबू किंवा लिंबूफूल यांच्याशी संपर्क येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडच्या बिनखिडकीच्या मोरीत तो धडधाकट माणसालाही सोसत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल शेगडीखालच्या, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून दोन मिनिटे थांबले. पुसल्यावर तिथे रुपयाएवढा मंद डाग उमटला, म्हणजे शंकेला जागा उरली नाही. त्याच डागावर आज ४०० आणि ८०० नंबरचे पेपर फिरवून पाहिले. खरखर गेली आहे, १२०० नंबरचा पेपर दुकानात संपला होता तो उद्या मिळेल, मग पूर्ण ओटा घेईन. समई रांगोळीने पिवळी झाली, फक्त मळसूत्राच्या खाचांत थोडा गुलाबी रंग राहिला आहे. बाहेरच्या गिलाव्याची भेग खालच्या अंगणातून स्पष्ट दिसते, त्याबद्दल इमारतीच्या समितीला लिहिले आहे. ब्लीचची अर्धी बाटली पोटमाळ्यावर खरोखरच सापडली, ती व्हिनेगरपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवली आहे.

सासूबाईंना हे सारे वाचून दाखवले. कापलेली लिंबाची फोड ओट्यावर पालथी ठेवली की त्या मला नेहमी रागावत असत, आणि मी ते शुभ-अशुभाचे काहीतरी असेल असे समजून सोडून देत होते. आज विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूने ओटा नवा असताना तसे बजावले होते, कारण मात्र सांगितले नव्हते.

एक शंका उरली आहे. बायोएन्झाइम अजून दोन लिटर शिल्लक आहे. संडासाचे भांडे चिनी मातीचे आहे, तिथे ते रात्रभर ओतून ठेवले तर चालेल का, की भांड्याभोवतीच्या सिमेंटच्या सांध्यांना त्याचा त्रास होईल?