मृणालताईंच्या व्याख्यानात दिंडोशीही हवी
समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांच्यावरच्या व्याख्यानाची एक रूपरेषा पाहिली; ती ‘पाणीवाली बाई’, म्हणजे नळाच्या पाण्यासाठीचा त्यांचा लढा, इथेच थांबते. निम्मा वेळ तरी मुंबईतल्या दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीला द्या, खरं काम तिथे दिसतं. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यात मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर होती. त्यावरची जमीन सरकारकडे जायची. पण कलम २० खाली सूट मिळायची, कलम २१ खाली दुर्बल घटकांसाठी घरं बांधतो म्हणून जमीन राखता यायची. पळवाट नेमकी इथे. मृणालताईंच्या नागरी निवारा परिषदेनं तीच अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मागितली. ही दोन कलमं फळ्यावर लिहाच, नाहीतर ऐकणाऱ्याला हा नुसता आणखी एक मोर्चा वाटतो.

सनावळीत गल्लत हमखास होते: नगरसेविका १९६१, आमदार १९७२, खासदार १९७७. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा १९७७ च्या लोकसभा निकालानंतरची; ‘दिल्लीवाली बाई’ म्हणजे त्यात हरलेल्या इंदिरा गांधी. ती नळाच्या लढ्याच्या फोटोखाली लावू नका.

महागाईविरोधी आंदोलनाशी कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांचं नाव जोडलेलं राहू द्या. आणि त्या आंदोलनात बायका वाजवायच्या ती लाटणं-थाळी प्रत्यक्ष वाजवून दाखवा. शंभर थाळ्या एकदम वाजल्या की काय होत असेल, ते मुलांना लगेच कळतं.