मदत हवी आहे: सामन्याआधी खेळाडूंशी किती आणि काय बोलावं?

मंडळी, नाशिकमधल्या हौशी फुटबॉल सामन्यांना शिट्टी घेऊन उभे राहणाऱ्या रेफ्रींसाठी विचारतोय.

नाणेफेकीच्या १०-१५ मिनिटं आधी दोन्ही संघांची साधनं तपासायची, हे ठरलेलं आहे: शिनगार्ड (नडगीवरचं संरक्षण), बुटांच्या तळाचे स्टड (पावसाळ्यात काळ्या चिखलात अडकलेले खडेही बघावेत), गोलकीपरच्या जर्सीचा वेगळा रंग. खरी अडचण येते ती कडं, अंगठी, गळ्यातली साखळी आणि मनगटावरचा गंडा यांची. फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ४ प्रमाणे (खेळाडूंची साधनं) दागिने चालत नाहीत, वर चिकटपट्टी लावूनही नाही. पण अख्ख्या संघासमोर "काढ ते" म्हटलं की श्रद्धेचा विषय होतो आणि खेळाडू पहिल्या मिनिटापासून रागात असतो. हे आधी कॅप्टनमार्फत कळवावं, की त्या खेळाडूला बाजूला घेऊन बोलावं? कोणते शब्द चालतात?

दुसरं, भाषण. माझ्या मते दीड मिनिट पुरे. "पहिल्याच फाउलला कार्ड दाखवीन" असं तर मुळीच बोलू नये; तो फाउल किरकोळ निघाला तर रेफ्री स्वतःच्याच शब्दात अडकतो. निर्णयाबद्दल फक्त कॅप्टनने विचारायचं, एवढं नक्की सांगावं. गोलकीपरने ८ सेकंदांहून जास्त चेंडू हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर, हा २०२५ चा बदलही अनेकांना ठाऊक नसतो. तो सगळ्यांना सांगावा, की फक्त दोन्ही गोलकीपरना?

अनुभवी रेफ्रींनी नेमकी वाक्यं लिहून दिली तर फार मदत होईल.