मित्राची असायलमची (दुसऱ्या देशात आश्रय मागण्याची) केस चालू आहे आणि आज रात्री राहायला जागा नाही, कुणाला फोन करू?

अमोल_यूके:
कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा प्लीज. मी इथे यूकेत शनिवारी व्हॉलंटियर म्हणून इंग्लिश शिकवायला जातो, तिथे सुदानचा एक पोरगा येतो, पंचविशीतला. असायलमचा अर्ज केलाय, एआरसी कार्ड (अर्ज नोंदवल्याचं ओळखपत्र) आहे, पण सरकारी घर कधी मागितलंच नाही कारण ओळखीच्यांकडे सोफ्यावर झोपायचा. त्यांनी आता नाही म्हणून सांगितलं, काल अख्खी रात्र बस स्टेशनवर काढली त्याने. आत्ता माझ्यासमोर बसलाय, सगळे कागद एका पिशवीत, तेही भिजलेत. कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) हाउसिंगला फोन केला तर म्हणाले आमच्याकडे बसत नाही. माझ्या रूमवर लँडलॉर्ड कुणाला ठेवू देत नाही. काय करू?

मीनल_ताई:
अमोल, कौन्सिलच्या हाउसिंगवर आज वेळ घालवू नकोस. असायलमवाल्यांची राहायची सोय होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे असते आणि त्यासाठी मायग्रंट हेल्प या संस्थेला फोन करायचा, ०८०८ ८०१० ५०३, फुकट आहे, २४ तास चालू असतो. लाइनवर खूप ताटकळत ठेवतात, म्हणून चार्जर लावूनच बस, मध्येच ठेवून देऊ नकोस. अरबी दुभाषा पाहिजे असं आधीच सांग. पोरगा शेजारीच हवा, त्याची परवानगी लागते.

आणि गोलगोल बोलू नकोस, सरळ सांग की आज रात्री झोपायला छप्पर नाही, सेक्शन ९८ खाली इमर्जन्सी सोय हवी आणि सेक्शन ९५ चा, म्हणजे केस चालेपर्यंतच्या सोयीचा, अर्जही भरायचाय. दोन्ही १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टमधली कलमं. ९५ चा निकाल लागेपर्यंत ९८ खाली तात्पुरतं ठेवतात. फॉर्मचं नाव एएसएफ१. किती वाजता बोललास, कोणाशी बोललास, रेफरन्स नंबर काय, सगळं वहीत लिही.

माझ्या अनुभवात अडतं ते पुराव्यावर. ज्यांच्याकडे तो राहत होता त्यांच्याकडून चार ओळी लिहून घे. मी एका बाईंसाठी वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून घेतलं होतं, अमुक तारखेपासून हिला ठेवू शकत नाही, खाली सही, पत्ता, फोन. तेवढ्यावर काम पुढे सरकलं.

अमोल_यूके:
थँक्यू ताई, होल्डवर आहे. त्याच्या खात्यात थोडे पैसे आहेत, म्हणून नाही म्हणतील का? आणि त्याला भीती वाटतेय की मदत मागितली तर केस खराब होईल.

मीनल_ताई:
खातं रिकामंच पाहिजे असं नाही रे. आत्ता धड जागा नसेल किंवा पुढच्या १४ दिवसांत खाण्यापिण्याचं भागणार नसेल तरी तो निराधारच धरला जातो. पण पैसे लपवू नका, स्टेटमेंट मागतात. आणि केस खराब होत नाही, हे त्याला दोनदा सांग, कारण याच भीतीपोटी लोक आठवडेच्या आठवडे रस्त्यावर काढतात आणि ते बघवत नाही.

संदीप:
दादा, आज रात्री जागा नाहीच मिळाली तर रेड क्रॉसच्या रेफ्युजी टीमला विचार, आणि नॅकॉम (बेघर असायलमवाल्यांना जागा देणाऱ्या संस्थांचं जाळं) च्या साइटवर तुमच्या भागातल्या संस्था दिसतील. रेफ्युजीज ॲट होम लोकांच्या घरातली रिकामी खोली मिळवून देते, पण ते लगेच त्याच रात्री होईलच असं नाही. कडाक्याची थंडी असेल तर कौन्सिल स्वेप या थंडीतल्या तातडीच्या योजनेखाली जादा बेड उघडतात, तेव्हा पुन्हा फोन कर, बऱ्याच ठिकाणी इमिग्रेशन स्टेटस बघत नाहीत. दुसऱ्या शहरात पाठवलं तरी जा म्हणावं, जागा निवडता येत नाही, आणि नाही म्हटलं तर पुढे त्रास होतो.

माणूस स्वतःच १८ च्या आतला आणि एकटा असेल, तर मात्र कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसला गाठायचं, १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखाली ती त्यांची जबाबदारी आहे. केस फेटाळलेल्यांसाठी सेक्शन ४ वेगळं. आणि ९५ नाकारलं तर अपीलला ३ दिवसच असतात, पत्र आल्या आल्या असायलम सपोर्ट अपील्स प्रोजेक्टला फोन करा.

अमोल_यूके:
लागला फोन, सव्वा तास लागला. दुभाषा मिळाला, तो स्वतःच बोलला, बोलताना रडला. रेफरन्स नंबर आलाय, रात्रीच परत फोन करतो म्हणाले. जुन्या घरवाल्यांनी पत्र लिहून फोटो पाठवलाय. तोवर मी इथेच थांबतो त्याच्याबरोबर, कागद हीटरवर वाळत टाकलेत.