४२ अंशांचं सोलापूर परवडलं, ठाण्याचा ३४ नको

दक्षिण कसबा, सोलापूर
मुलाकडे ठाण्याला मे महिन्याचे पंधरा दिवस काढून परवा परत आले. शेजारीण म्हणाली, "तिकडं ३४, हितं ४२. भट्टीत कशाला आलात?" दारात उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

जाताना कडक भाकरी नेल्या होत्या. आपल्याकडं महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी तिथं दुसऱ्या दिवशी सादळली, चामड्यासारखी ओढून तोडावी लागली. अंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम. टॉवेल दोरीवरच ओला आणि कुबट. माठ होता, पण पाणी गार होईना. हवेतच पाणी भरलेलं, माठ पाझरून करणार काय? सोलापुरात ऊन चटका देतं, पण सावलीत आलं की सुटका होते. तिथं सावलीतही सुटका नाही. मला कोरडं ऊन चालतं, चिकचिक नाही.

ठाण्यातला सोलापूरकर
काकू, मी २२ वर्षं ठाण्यात आहे आणि अजिबात सहमत नाही. मे महिन्यात सोलापूर सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद असतं, हे विसरलात का? नवी पेठेत दुपारी दोनला कुत्रं दिसत नाही. इथं घाम येतो, पण त्याच वेळी माणूस चालत स्टेशन गाठतो.

आणि पाऊस! लहानपणी आम्ही मृगापासून आभाळाकडं बघत बसायचो. ढग यायचे, वारं सुटायचं, धुरळा उडायचा आणि ढग पुढं निघून जायचे. सह्याद्रीनं आधीच पिळून घेतलेले ढग ते. सोलापूरला वर्षाला साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर, इथं पावसाळ्यातच दोन हजारांवर. घरात घागरी, पिंपं, हंडे भरून ठेवायचे आणि पुढचं पाणी कधी येईल ते मोजायचं, यात माझं बालपण गेलं. मला तो कोरडेपणा परत नको.

भूगोल शिकवतो
काकूंना जे जाणवलं ते मोजता येतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा द्यायचा. पाणी उडतं तसा पारा उतरतो. ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला पारा साधारण २४ वर थांबतो. ३४ अंश आणि ७० टक्क्यांना मात्र तो २९ च्या आसपास राहतो. आपलं अंग म्हणजे ते ओलं फडकंच. घाम उडाला तर गारवा, नुसता निथळला तर काही उपयोग नाही. कूलरचंही तेच, म्हणून सोलापुरात तो घरोघरी आणि मुंबईत जवळपास निरुपयोगी.

पण कोरडं ऊन फसवतं. घाम दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळत नाही. भर उन्हात हवा अंगापेक्षा गरम असते, तेव्हा पंखासुद्धा झळच मारतो. "घाम नाही म्हणजे त्रास नाही" असं कुणी समजू नये.

पूर्व भाग
हवा कोरडी असली की बरं, हे मागावर बसलेल्याला सांगून बघा. आमच्याकडं टॉवेलचे माग आहेत. उन्हाळ्यात सूत कडक होतं आणि ताणा सारखा तुटतो. धागा जोडायचा, माग चालू करायचा, पाच मिनिटांत दुसरा धागा. सुताला ओल लागते, ओलीत त्याला बळ येतं. म्हणून आम्ही फरशीवर पाणी मारतो, वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावतो आणि स्वतः त्या वाफेत उभे राहतो. कापसाच्या गिरण्या मुंबईत वाढल्या त्यात तिथल्या दमट हवेचाही वाटा होता. मालाला पाहिजे ती हवा माणसाला नको, आणि माणसाला पाहिजे ती मालाला नको. आमचं दोन्हीकडून मरण.

सांगोला
आम्हाला मात्र ही कोरडी हवाच पोसते. डाळिंबाच्या बागेत चार दिवस ढगाळ, रिपरिप आणि दमट हवा राहिली की तेल्या आलाच. फळावर तेलकट डाग पडतो, फळ तडकतं, वर्षाची कमाई जाते. कोकणासारखा पाऊस इथं मागणाऱ्यानं आधी डाळिंब उपटून टाकावं.

आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा. तो काळ्या रानात मुरला की मालदांडी पेरायची. पुढं ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर निघते. पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला ते बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आमच्याकडं अख्ख्या वर्षात तेवढा होत नाही. काय केलं त्या पाण्याचं? सगळं समुद्रात.

ठाण्यातला सोलापूरकर
त्या दिवशी मी कुर्ल्याहून चालत निघालो होतो. कमरेएवढ्या पाण्यातून, रात्रभर. भीती काय असते ते त्या रात्री कळलं. तरी पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा मी खिडकीतून हटलो नाही. ज्याच्या घरात पाणी मोजून प्यायले, त्यालाच हे समजेल.

दक्षिण कसबा
पाण्याचं तुमचं दुःख खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तो हवेचा दोष नाही. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून नळाला रोज पाणी नसेल, तर प्रश्न वाटपाचा आहे. हवेचं म्हणाल तर रात्री गच्चीवर अंथरूण टाका. पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. ठाण्यात पहाटे चारलाही उशी ओली.

विडी घरकुल
गच्चीचं ऐकलं, म्हणून लिहिते. आमच्यावर गच्ची नाही, पत्रा आहे. आई दिवसाला हजार विड्या वळते. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात ठेवते, तरी दुपारी कडा वाळून पान चिरतं. पंखा लावला तर तंबाखू उडते, म्हणून पंखा बंद. ४२ अंश बाहेर, पत्र्याखाली किती ते कुणी मोजलेलं नाही. काकू, तुमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं असणार.

दक्षिण कसबा
हो, माळवदाचंच आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, दोन हात जाडीच्या भिंती. दुपारी आत उजेड कमी आणि गारवा जास्त. मी "सोलापूरची हवा" म्हणत होते त्यातला बराच भाग त्या भिंतींचा आहे, हे तुम्ही लिहीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी ठाण्याला उन्हाळ्यात पुन्हा जायची नाही. पण शेजारणीला द्यायचं उत्तर आता बदलावं लागेल, तिच्याही डोक्यावर पत्राच आहे.

पूर्व भाग
ताई, पत्र्यावर वरून चुना मारा, दोन हात. आतून जुनी चादर ताणून बांधा, पत्रा आणि चादरीत वीतभर जागा ठेवा. आम्ही मागाच्या शेडला तेच केलंय. ऊन कमी होत नाही, पण दुपारी बसवतं.