क्रूझ संपल्यावर मुंबईहून नागपूर: दुपारचं विमान घ्यावं की रात्रीची दुरंतो?

मनीषनगरवाला विचारतात:

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुंबई–लक्षद्वीप–मुंबई अशी पाच रात्रींची क्रूझ बुक करून राहिलो. आम्ही सहा जण आहोत: आई-बाबा (दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं आणि दोन मुलं. जाण्याचं सगळं ठरलं, परतीचंच घोडं अडलं आहे. जहाज शेवटच्या दिवशी सकाळी ८ ला मुंबईत लागेल असं पत्रकात लिहिलं आहे. साडेअकराचं विमान स्वस्त मिळून राहिलं. ते घेऊ, की रात्रीच्या दुरंतोनं यावं? शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या म्हणतात, ते काय प्रकरण आहे? आणि उतरल्यावर दोन दिवस जमीन हलते म्हणतात, तर आई-बाबांची काय काळजी घ्यावी?

बंदरकर:

साडेअकराचं विमान घेऊ नका. स्वस्त असलं तरी नका.

पत्रकातली आठची वेळ ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ असते, तुम्ही रस्त्यावर येण्याची नव्हे. मुंबई बंदरात जहाज आत आणायला बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा माणूस, जहाजावर चढतो. मग दोर बांधले जातात, शिडी लागते, कागदपत्रं आणि सुरक्षेची मंजुरी मिळते, मोठ्या बॅगा खाली टर्मिनलच्या हॉलमध्ये जातात आणि त्यानंतर प्रवासी गटागटानं सोडले जातात. यात एक जरी पायरी रेंगाळली तरी पुढचं सगळं सरकतं. आठला लागलेल्या जहाजातून साडेदहापर्यंत बाहेर पडण्याची तयारी ठेवा, त्याआधी सुटलात तर चांगलंच. विमानतळावर मात्र सामान देण्याचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे साडेअकराच्या विमानासाठी साडेदहाला तुम्ही तिथे उभे हवेत. गणित बसतच नाही. विमानच हवं असेल तर दुपारी ३ च्या पुढचं बघा.

तिकिटावर विमानतळ कोणता ते नीट वाचा. आता मुंबईत टी-१, टी-२ आणि वेगळा नवी मुंबईचा विमानतळ असे तीन पर्याय आहेत. नवी मुंबईचं निघालं तर शिवडीहून अटल सेतूनं जावं लागेल. टी-१ किंवा टी-२ साठी सीएसएमटीहून मेट्रो ३ थेट जाते, पण सहा जणांच्या मोठ्या बॅगा आणि बाबांचे गुडघे बघता टॅक्सीच बरी. देशांतर्गत विमानात मोठ्या सामानाला साधारण माणशी १५ किलोच मिळतात, जहाजावर वजनाकडे कोणी फारसं बघत नाही, त्यामुळे खरेदी करताना हा आकडा डोक्यात असू द्या.

आता बॅगांचं. शेवटच्या संध्याकाळी खोलीत रंगाचे किंवा आकड्याचे टॅग येतात. ते बॅगेच्या मुख्य मुठीला बांधायचे. चेनच्या ओढणीला बांधले तर बॅगा एकमेकींवर रचताना हमखास तुटतात. जाताना लावलेले जुने टॅग आधी काढून टाका, दोन टॅग असले की बॅग चुकीच्या ढिगात जाते. पत्रकात दिलेल्या वेळेपर्यंत, बहुधा मध्यरात्रीच्या आत, बॅग दाराबाहेर. त्याआधी टॅगसकट तिचा फोटो काढून ठेवा, कारण हॉलमध्ये शंभर काळ्या ट्रॉली शेजारी शेजारी उभ्या असतात.

एकदा बॅग गेली की सकाळी टर्मिनलवरच दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, चष्मा, दातांची कवळी, आई-बाबांची सकाळ-संध्याकाळची औषधं, सगळ्यांची आधार कार्डं, चार्जर, पॉवर बँक, दागिने आणि रोख हातातल्या पिशवीत. सगळ्यात जास्त राहतं ते तिजोरीतलं सामान आणि बाथरूमच्या दारामागचे कपडे. रात्री एकदा तिजोरी उघडून ती तशीच उघडी सोडा.

जाताना तुमची इस्त्री किंवा एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतला असेल तर तो आपणहून परत येत नाही. पावती दाखवून मागावा लागतो. कुठे मिळेल ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

रेल्वेप्रेमी_अजनी:

मी दुरंतोच्या बाजूनं. १२२८९ सीएसएमटीहून रात्री ८:१५ ला सुटते, नागपूरला सकाळी ७:२० ची वेळ आहे (जायच्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा तपासा). तुमच्यासाठी तिचा खरा फायदा वेगळाच आहे. ती सीएसएमटीलाच सुरू होते आणि नागपूरलाच संपते. चढताना घाई नाही, उतरताना तर मुळीच नाही. विदर्भ एक्सप्रेस पुढे गोंदियाला जाते आणि हावडा मेल त्याहून पुढे. त्या गाड्यांत गुडघे दुखणारा माणूस आणि आठ-दहा नग सामान ठरल्या मिनिटांत खाली उतरवावं लागतं. सेवाग्राम दुपारी निघते, पण ती पहाटे अडनिड्या वेळी पोचवते आणि जहाजाला उशीर झाला तर जीव टांगणीला लागतो.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. तारीख आत्ताच मोजून ठेवा. सहा जणांचं एकच तिकीट काढू नका. आई-बाबांचं दोघांचं वेगळं तिकीट ज्येष्ठ नागरिकांच्या लोअर बर्थ कोट्यातून काढा. हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा मिळतो, सहा जणांच्या तिकिटावर नाही. तुम्हा चौघांचं दुसरं तिकीट त्याच वर्गात, जमल्यास त्याच डब्यात.

तत्कालवर विसंबून राहू नका. एसी वर्गाचं तत्काल आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं आणि तेव्हा तुम्ही भर समुद्रात असाल, किनाऱ्यापासून दूर मोबाइलला रेंज नसते. शिवाय जुलै २०२५ पासून तत्कालला आधार जोडलेलं खातं आणि ओटीपी लागतो, तो तुमच्या बंद पडलेल्या फोनवर येऊन काय उपयोग? अगदीच वेळ आली तर नागपुरातल्या भावानं किंवा मित्रानं स्वतःच्या आधार-पडताळणी झालेल्या खात्यावरून काढावं. सहाही जणांची नावं, वयं आणि हव्या त्या बर्थ त्याच्याकडे आधीच लिहून द्या.

बंदरावरून स्टेशनला जाताना टॅक्सीवाल्याला पी. डी'मेलो रोडच्या दारानं, १८ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूनं सोडायला सांगा. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच बाजूला लागतात. समोरच्या मोठ्या इमारतीतून गेलात तर लोकलची सगळी गर्दी ओलांडत सामान ओढावं लागेल. अंतर दोन किलोमीटरच्या आसपासच आहे, त्यामुळे जवळचं भाडं म्हणून काही टॅक्सीवाले नाक मुरडतात. सहा जण आणि सामान म्हटल्यावर दोन काळ्या-पिवळ्या लागतीलच.

मनीषनगरवाला:

दुरंतो पक्की. पण मग साडेदहा ते रात्री आठ, म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन करायचं काय?

रेल्वेप्रेमी_अजनी:

सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नसेल तर घेत नाहीत, आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. आई-बाबांसाठी त्याच तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून रिटायरिंग रूम बघा. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असलं की बुक करता येते, पण खोल्या थोड्या असतात, तेव्हा तिकिटाबरोबरच तेही उरकून टाका. नाही मिळाली तर फोर्ट भागात दिवसापुरती हॉटेलची खोली घ्या. सत्तरीच्या माणसाला दुपारी तीन तास आडवं व्हायला मिळालं की रात्रीचा प्रवास सोपा जातो, तिथे पैसे वाचवू नका.

पोरांना घेऊन काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय करा, स्टेशनपासून टॅक्सीनं थोडंच अंतर आहे. जेवायला बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ पासूनचं इराणी हॉटेल आहे. बेरी पुलावासाठी लोक लांबून येतात, मात्र ते दुपारच्याच जेवणाला उघडं असतं.

धरमपेठची_ताई:

दादा, बिलाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या सकाळी सगळ्यात लांब रांग असते ती रिसेप्शनवर, बिलाच्या तक्रारींची. जहाजावर सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढतो आणि हिशेब शेवटी होतो. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच चालू बिल मागून घ्या. मुलांच्या कार्डावर किती चढलं, मिनीबारची बाटली तुम्ही खरंच उघडली होती का, सर्व्हिस चार्ज किंवा टिप आधीच धरली आहे का, हे ओळ न् ओळ बघा. तेव्हा रांग नसते आणि माणूस शांतपणे दुरुस्त करून देतो.

खात्याला शक्यतो डेबिट कार्ड जोडू नका. जहाज सुरुवातीला अंदाजे रक्कम अडवून ठेवतं आणि हिशेब मिटल्यावरही ती बँकेत मोकळी व्हायला काही दिवस जातात. पगाराच्या खात्यातले पैसे असे अडकले की परतीच्या प्रवासात हात आखडतो. क्रेडिट कार्ड द्या किंवा रोख भरा.

फोन सगळ्यांचे विमान मोडवर ठेवा, मुलांचेसुद्धा. समुद्रात फोन आपोआप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचं रोमिंग भयंकर महाग पडतं. मुंबई जवळ आली की मोड काढा.

आणि लक्षद्वीपहून येताना पोरांच्या खिशात प्रवाळाचे तुकडे, शंख येणार नाहीत हे बघा. प्रवाळ आणि कितीतरी प्रकारचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा होता, ही सबब चालत नाही. तपासणीत निघालं तर गाडी चुकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मुलांना हे चढण्याआधीच समजावून सांगा. पोरं ऐकतात, कारण सांगितलं की.

कान_नाक_घसा:

जमीन हलण्याबद्दल. कान आणि मेंदू मिळून पाच दिवसांत लाटांची सवय करून घेतात, ती सवय सुटायला वेळ लागतो. बहुतेकांना काही तास ते दोन दिवस डुलल्यासारखं वाटतं. खूण अशी की स्वस्थ उभं राहिलं, डोळे मिटले किंवा आडवं झालं की जास्त जाणवतं आणि गाडीत बसलं की कमी. म्हणून रात्रीच्या रेल्वेत आई-बाबांना बरंच वाटेल, घरी पोचल्यावर पुन्हा डुलायला लागलं तर घाबरू नका.

उलटीच्या गोळ्या यावर फारशा चालत नाहीत, उलट झोप आणि झापड आणतात. वयस्कर माणसात त्यानं पडण्याची भीती वाढते. पाणी भरपूर, झोप पुरेशी, दिवसा थोडं चालणं, एवढं पुरतं. खरा धोका बाथरूममध्ये आहे: चेहऱ्यावर साबण, डोळे मिटलेले, पाय ओल्या फरशीवर. पहिले दोन दिवस बाबांनी स्टुलावर बसून अंघोळ करावी, रात्री दिवा लावूनच उठावं. दुचाकी आणि शिडीला हात नको. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनीही एक रात्र नीट झोप काढावी. मुंबईहून समृद्धीनं ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता त्याच दिवशी मारायची कल्पना मला अजिबात पटत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. गरगर फिरतंय, एका कानानं कमी ऐकू येतं, बोलणं अडखळतं, हात-पाय लुळा पडतो किंवा तोंड वाकडं होतं, तर ते जहाजाचं नव्हे. तेव्हा तडक दवाखाना. नुसतं डुलणं आठवडाभरात कमी झालं नाही तर मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

मनीषनगरवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: बाबांसाठी व्हीलचेअर जहाजाकडून मिळते का? आणि ती कुठपर्यंत येते?

बंदरकर:

मिळते, पण उतरण्याच्या सकाळी मागितली तर ताटकळत बसावं लागतं. बुकिंग करतानाच लिहून द्या आणि आदल्या दिवशी दुपारी रिसेप्शनवर जाऊन पुन्हा नाव नोंदवा. व्हीलचेअरवाल्यांचा गट वेगळा असतो आणि जमायची जागाही वेगळी. सोबत एकच माणूस सोडतात का ते विचारून घ्या, म्हणजे बाकीच्यांनी कुठे भेटायचं ते ठरवता येईल. फोनवर ठरवू म्हणाल तर त्या गर्दीत फोन ऐकू येत नाहीत. टॅगच्या ढिगांपाशी, तुमच्या रंगाच्या पाटीखाली भेटा.

शिडीचा उतार रोज सारखा नसतो. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनं बदलते, जहाज त्याबरोबर वर-खाली होतं आणि उतार कधी सौम्य, कधी चांगलाच तीव्र होतो. म्हणून खुर्ची जहाजाच्या माणसालाच ढकलू द्या, घरच्यांनी हौसेनं हात लावू नये. चालत उतरायचं ठरलं तर बाबांचे दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी तुमच्याकडे. खोलीचं कार्ड मात्र बाबांच्याच खिशात द्या, कारण बाहेर पडताना प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं. ते झालं की परत आत सोडत नाहीत, तेव्हा चष्मा आणि औषधं आहेत ना हे स्कॅनच्या आधी बघायचं.

जहाजाची खुर्ची साधारण टर्मिनलच्या दारापर्यंत येते. पुढे सीएसएमटीला गाडीपर्यंत न्यायला स्टेशनची वेगळी मागावी लागते. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात दुपारीच सांगून ठेवा, संध्याकाळी सातनंतर खुर्च्या सापडत नाहीत.

रेल्वेप्रेमी_अजनी:

नागपूरला उतरल्यावरचं राहिलं. मेट्रोनं जायचं तर संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडा, मेट्रोचं स्टेशन त्या अंगाला आहे. सीताबर्डीला गाडी बदलून मनीषनगरकडे जाता येतं. पण आई-बाबांसाठी टॅक्सी मुख्य दाराला, पश्चिमेकडे बोलवा. पूल चढायला लावू नका, लिफ्ट कोणत्या टोकाला आहे ते गाडीतच टीसीला विचारून डब्याच्या त्या बाजूनं उतरा.