मे महिन्यात पुणे ते गुहागर समुद्राच्या कडेकडेने, तीन दिवसांत होतं का?

पाचवा_गिअर:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आम्ही चौघं कॉलेजचे मित्र, आता सगळे चाळिशीच्या अल्याड-पल्याड, दर वर्षी "या उन्हाळ्यात नक्की" म्हणतो आणि कुणाच्या तरी पोराच्या क्लासवरून घोडं अडतं. यंदा बायकांनीच "जा एकदाचे" म्हणून सांगितलंय त्यामुळे आता माघार नाही. मेचा दुसरा आठवडा, शुक्रवार ते रविवार. तिघं पुण्याहून एका गाडीत, चौथा ठाण्याहून बुलेटवर येणार कारण त्याला उन्हात भाजून घ्यायची हौस आहे.

प्लॅन असा आहे. पहिला दिवस ताम्हिणी, माणगाव करून दिवेआगर मुक्काम. दुसरा दिवस श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरी (गाड्या खाडीपलीकडे नेणारी बोट), वेळासला कासवं, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दाभोळची फेरी आणि रात्री गुहागर. तिसरा दिवस हेदवी, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि रात्रीपर्यंत पुण्यात परत. बागमांडला ते गुहागर नकाशावर सव्वाशेच्या आसपासच किलोमीटर दिसतात म्हणून मला वाटतं आरामात होईल, पण आमच्यातला एक जण म्हणतो की कोकणात किलोमीटर मोजायचे नसतात. जाऊन आलेल्यांनी सांगा. आणि नुसत्या मोबाइलच्या नकाशावर विसंबून चालतं का?

सह्यवेडा:
तुमचा तो एक जण शहाणा आहे, त्यालाच पुढे बसवा.

नकाशाचं म्हणाल तर आमची गोष्ट ऐका. तीन वर्षांपूर्वी असेच पाच जण गेलो होतो, मेच होता. राहायचं बुकिंग होतं मुरुडला, एका घरगुती ठिकाणी, फोनवरच झालेलं. मी फोनमध्ये "मुरुड बीच" टाकलं, त्याने जो रस्ता दाखवला तो पकडला, मागच्या सीटवर दोघं झोपलेले आणि पुढे आमच्या गप्पा, त्यामुळे पाट्या कोण वाचतंय. चार-साडेचारला पोचलो, समुद्र समोर, नारळ-सुपारीच्या वाड्या, सगळं फोटोत दाखवलेलं तसंच. मालकांना फोन लावला. ते म्हणाले "देवळापाशी या". म्हटलं कोणतं देऊळ. "अहो दुर्गादेवीचं, कुणालाही विचारा". दोघांना विचारलं, दोघांनी दोन दिशा दाखवल्या. परत फोन. मालकांनी विचारलं "समोर काय दिसतंय?" मी सांगितलं समुद्र दिसतोय आणि पाण्यात किल्ला दिसतोय. "हां मग बरोबर आलात की, हर्णैच्या बाजूला आहात तुम्ही, तसेच पुढे या." आणखी अर्धा तास आम्ही त्या गावात गोल गोल फिरलो. शेवटी एका टपरीवाल्याने गाडीचा नंबर बघितला, आमची तोंडं बघितली आणि विचारलं "दापोलीचं मुरुड पायजे काय तुम्हाला?"

आम्हाला दिसत होता तो पद्मदुर्ग. मालकांच्या डोक्यात सुवर्णदुर्ग. दोन्हीकडे मुरुड, दोन्हीकडे समुद्रात किल्ला, फक्त जिल्हे वेगळे आणि मधे दोन खाड्या!!

मग आगरदांडा-दिघी फेरीने राजपुरीची खाडी ओलांडली, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला पोचलो तर शेवटची फेरी गेलेली. धक्क्यावर आमची गाडी, एक कुत्रा आणि पलीकडे वेसवीचे दिवे लुकलुकताना दिसतायत, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. अंतर तेवढंच, पण गाडीने जायचं तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा सगळा वळसा. हरिहरेश्वरला पडवीत चटया टाकून झोपलो आणि मुरुडचं ॲडव्हान्स पाण्यात. मालक भले होते, अर्धं दुसऱ्या दिवशीच्या जेवणात वळतं करून घेतलं.

आंबटगोड:
@सह्यवेडा हसून हसून मेलो. एक सिद्दीचं, जंजिऱ्याजवळचं मुरुड आणि एक महर्षी अण्णा कर्व्यांचं, दापोलीजवळचं मुरुड, बुकिंग करताना नुसतं तालुका कोणता एवढं विचारलं असतं तर वाचला असता.

कोकणात ही जोडनावांची भानगड फार आहे. वेळास पण दोन आहेत बरं का. कासवांचं वेळास, नाना फडणवीसांचं गाव, ते बाणकोट खाडीच्या दक्षिणेला मंडणगड तालुक्यात. आणि दुसरं वेळास-आगर श्रीवर्धन तालुक्यात, तुमच्या दिवेआगरच्या शेजारीच. गणेशगुळे आणि गणपतीपुळे तर लोक सर्रास गल्लत करतात, एक रत्नागिरीच्या दक्षिणेला पावसकडे, दुसरं उत्तरेला. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" असं म्हणतातच, म्हणजे देवाचाही पत्ता बदलला तिथे आपलं काय.

धागाकर्ते, ठाण्याच्या बुलेटवाल्याला हे आधीच नीट सांगून ठेवा.

खाडीपल्याड:
मी मूळचा दापोली तालुक्यातला, हल्ली पनवेलला असतो पण मे महिना गावी. तुमचा दुसरा दिवस वाचून आईला वाचून दाखवला, ती म्हणाली "जेवणार कधी हे?"

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सव्वाशे किलोमीटर खरे आहेत पण त्यात दोन फेऱ्या आहेत, आणि शनिवारी मे महिन्यात फेरीला रांग लागते, एक फेरी हुकली तर पुढचीची वाट बघा. बाकी रस्ता म्हणजे खाडीला उतरा, सडा (वरचं खडकाळ पठार) चढा, परत उतरा. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरा. फेरीवर गाडी चढवताना माणूस हात दाखवतो त्याच्याकडेच बघायचं, मागून येणाऱ्या सूचना ऐकायच्या नाहीत, आमच्या भावाने मित्रांचं ऐकून बंपर घासलाय. सुटे पैसे ठेवा, खाडीत रेंज गेली की ऑनलाइन पेमेंट फिरतच बसतं. बागमांडल्याला पाण्यात पुलाचे अर्धवट खांब दिसतील, त्यांच्याविषयी कुणाला विचारू नका, माणूस तासभर बोलतो.

कासवं विसरा. पिल्लं समुद्रात सोडतात ते साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल, मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरटी रिकामी. वेळासला तरीही जा, गाव सुंदर आहे, पण कासवांसाठी म्हणून नको.

आता महत्त्वाचं, भरती-ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे, ती ओहोटीलाच करायची, दर वर्षी कोणी ना कोणी लाटेसमोर सेल्फी काढायला जातं. उलट हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीच पाहिजे, घळीत लाट शिरून पाण्याचा फवारा वर उडतो, ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली चीर बघून याल आणि म्हणाल यासाठी आलो का. आमच्याकडे म्हातारी माणसं पंचांग बघून भरती सांगतात. तिथीला पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा, अमावास्येला अकरा-बाराच्या आसपास, आणि त्या दिवशी उधाण. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. मिनिटावर नाही येत पण ट्रिपपुरतं पुष्कळ आहे.

आणि गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, घालू नका. वरून टणक दिसते, खाली भुसभुशीत. रुतली की जेवढा ॲक्सिलरेटर द्याल तेवढी खाली जाते आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मागच्या मेमध्ये आमच्या इथे एक गाडी ट्रॅक्टर येईपर्यंत दारांपर्यंत पाण्यात गेलेली स्वतः बघितली. पोरगं रडत होतं, गाडी वडिलांची होती.

माझं ऐकाल तर पहिला मुक्काम हरिहरेश्वर, सकाळच्या पहिल्या फेरीने पलीकडे. बाणकोटचा किल्ला, वेळास, केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, चारनंतर हर्णै बंदरात मासळीचा लिलाव, मुक्काम आंजर्ले नाहीतर मुरुड (माझं मुरुड!). तिसऱ्या दिवशी दाभोळ फेरी, गुहागरला जेवण, मग चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज करून हायवेला. पुळे यात बसत नाही. बसवायचं असेल तर सोमवारची सुट्टी काढा.

पाचवा_गिअर:
@खाडीपल्याड राग कसला, उलट तुमच्या आईंना नमस्कार सांगा. सोमवारची सुट्टी दोघांना मिळतेय, दोघांना नाही, ग्रुपवर युद्ध चालू आहे. तिथीचं गणित भारी आहे, कॅलेंडर घेऊन बसलो. येताना आंबे कुठून घ्यावेत?

निवांत_नेने:
आंबे वाटेत बागेतून घ्या, पेटीच्या वरचा थर बघून भुलू नका, खालचा थर काढून दाखवायला सांगा. मेच्या मध्यापर्यंत हापूस उतरायला लागलेला असतो, भावही.

मला रस्ता चुकण्याबद्दल एक भर घालायची आहे. नकाशा "सहा मिनिटं वाचतील" म्हणून एखाद्या वाडीत वळवतो तेव्हा वळायचं नाही. आम्ही वळलो होतो, गुहागर तालुक्यातच. आधी डांबर संपलं, मग खडी, मग दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) इतके जवळ की आरसे मिटून घेतले. सरतेशेवटी गाडी थेट एका घराच्या अंगणात. अंगणभर आंब्याची साठं (आंबापोळ्या) वाळत घातलेली, एका चटईवर कोकमाची सालं, आणि आमचं पुढचं चाक चटईपासून वीतभर. घरातून आजी आल्या. ओरडतील असं वाटलं, तर म्हणाल्या "या हप्त्यातली तिसरी गाडी तुमची. पुढे रस्ता नाय, पाखाडी आहे." खरंच, नकाशावर जी पांढरी रेघ दिसत होती ती जांभ्याच्या पायऱ्यांची वाट होती, चालत खालच्या वाडीत उतरायची. फोन मात्र अजून सांगत होता, सरळ जा.

गाडी वळवायला जागा नव्हती. आजींनी आधी साठं उचलायला लावली, आम्ही चौघांनी ताट धरल्यासारखी एकेक उचलून पडवीत नेली, मग गाडी आठ वेळा पुढे-मागे करून वळवली, मग साठं परत जागेवर ठेवली. त्यावर कोकम सरबत. निघताना एक फणस दिला, पैसे घेतले नाहीत. ट्रिपचे फोटो कुणी बघत नाही आता, पण आजींची आठवण दर मेमध्ये निघते.

खाडीपल्याड:
@निवांत_नेने फणस कापा होता का बरका? कुणी फणस दिला तर कापा असेल तरच गाडीत घ्या, आणि कच्चटच घ्या. बरका आतून मऊ, गिळगिळीत असतो, तो पिकलेला बंद गाडीत नेणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

पाचवा_गिअर:
जाऊन आलो! उशिरा लिहितोय, माफी.

सोमवारची सुट्टी सगळ्यांनाच मिळाली शेवटी (एकाने मिळवली नाही, घेतली). खाडीपल्याड यांच्या प्लॅननेच गेलो आणि चौथ्या दिवशी हेदवी करून परतलो. केळशीत दुपारी दोनला गाडीबाहेर पाय टाकवत नव्हता, शर्ट पिळावा असा घाम, महालक्ष्मीच्या देवळातल्या गार फरशीवर तिघं आडवे झालो ते चारलाच उठलो आणि त्यामुळे हर्णैचा लिलाव संपता संपता मिळाला. तरी टोपल्यांवरची बोली बघून घेतली, कोण कधी मान हलवतो आणि पापलेट कधी विकलं जातं शेवटपर्यंत कळलं नाही. बामणघळ तिथी काढून गाठली, फवारा चांगला दोन पुरुष उडाला, आणि मी ग्रुपमध्ये आता पंचांगकर्ते.

चुकायचं ते चुकलोच. आंबटगोड यांचा मेसेज बुलेटवाल्याला फॉरवर्ड केला होता, त्याने अंगठा पण दाखवला होता, म्हणजे वाचला नव्हता. शनिवारी सकाळी आम्ही वेसवीला उतरून वेळासला चहा घेतोय तोवर त्याचा फोन, "मी वेळासला आलोय, तुम्ही कुठे?" आम्ही म्हटलं देवळाजवळ. तो म्हणाला मीही देवळाजवळच आहे. मी विचारलं समोर काय दिसतंय, तो म्हणाला समुद्र, आणि तिथेच मला सह्यवेडा आठवले. महाराज वेळास-आगरला बसून शहाळं पीत होते. फेरीने येईपर्यंत दुपार झाली, तोंड पिकलेल्या कोकमासारखं लाल.

आता मदत हवी आहे. परतताना चिपळूणच्या अलीकडे एका ठिकाणी पाणी मागायला थांबलो तर त्यांनी आग्रहाने फणस दिला. मी विचारलं कापा ना, ते हो म्हणाले, की मला तसं ऐकू आलं. डिकीत ठेवला. कुंभार्ली घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागे काहीतरी धप्पकन झालं. बरका होता. स्टेपनीच्या खड्ड्यात, मॅटखाली, सीटबेल्टच्या फटीत गेलाय, दोनदा सर्व्हिसिंगला धुऊन झालं, आठवडा काचा उघड्या ठेवल्या, बायको गाडीत बसायला तयार नाही. वास जायला काय करू? इथेच विचारू का वेगळा धागा काढू?

निवांत_नेने:
वेगळा धागा काढा. आमची गाडी विकली गेली तेव्हा गिऱ्हाइकाने पहिलं हेच विचारलं होतं.